नकाशाच्या कोपऱ्यातलं भीमाशंकर

भीमाशंकर नेमकं नकाशाच्या कोपऱ्यात येतं. निदान कर्जतच्या बाजूने, खांडसवरून चढणाऱ्यांसाठी तरी. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 च्या शीट अक्षांश-रेखांशांच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या चौकोनांत कापलेल्या असतात, आणि 73 अंश 30 मिनिटांची उभी रेषा खांडस आणि मंदिर यांच्या मधून जाते. गाव 47 ई/8 वर, देऊळ 47 ई/12 वर. दक्षिणेकडच्या डोंगरधारा बघायच्या तर 19 अंशांची आडवी रेषा ओलांडून आणखी दोन शीट लागतात, 47 एफ/5 आणि 47 एफ/9. मुलुंडच्या आमच्या हॉलमधला टीपॉय गॅलरीत नेऊन ठेवला आणि हे चार कागद जमिनीवर कडेला कड लावून मांडले, तेव्हा तो डोंगर मला पहिल्यांदा सलग दिसला. त्याआधी अकरा वेळा मी तिथे जाऊन आले होते.

हे सगळं सुरू झालं एका ओढ्यामुळे. मागच्याच्या मागच्या जानेवारीत आम्ही पाच जण वरून परत निघालो होतो. नेहमीच्या शिडी घाटाने किंवा गणेश घाटाने उतरायचं सोडून मधल्या एका वाटेचा नाद लागला होता. मोबाइलच्या नकाशावर तुटक रेघ दिसत होती. अर्ध्या तासात कारवीच्या दाटीत ती वाट हरवली, पण खाली पदराकडे, म्हणजे कड्याखालच्या सपाटीकडे, जाणारा एक कोरडा ओढा होता आणि मोबाइलवरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, त्या ओढ्यात छान सारख्या अंतराने उतरत होत्या. आम्ही ओढ्यात शिरलो. तासभर धोंड्यांवरून उतरलो, आणि एका वळणावर पुढचे धोंडे संपलेच. काठावर ओणवं होऊन पाहिलं तर खाली झाडांचे शेंडे. पंधरा मीटर असेल, फार तर अठरा. आमच्याकडे दोर नव्हता. जेवढं उतरलो तेवढं सगळं परत चढून, नेहमीची वाट धरून पदरवाडीत पोचायला रात्रीचे आठ वाजले. बरोबरच्या एकीचा गुडघा सुजला होता. ज्यांच्या अंगणात आम्ही टेकलो त्या मामांनी पाणी दिलं, कुठून आलात ते विचारलं आणि एवढंच म्हणाले, "ताई, त्या वहळानं पानी जातं, मानूस नाय जात."

त्या रात्री टमटममध्ये बसून कर्जतला येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. रेषा तर ठीक होत्या. मग कडा कुठे गेला?

त्याचं उत्तर कागदावरची शीट हातात आल्यावर मिळालं. ते इथे नीट सांगते, कारण मोबाइलवर रेषा बघून निघणारी मुलं आता दर शनिवारी दिसतात. 1:50,000 च्या शीटवर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि आपल्या डोंगरांत दोन समोच्च रेषांमधला उंचीचा फरक 20 मीटर असतो. दर पाचवी रेषा जाड, म्हणजे 100 मीटरची. एका मिलिमीटरात 50 मीटर जमीन बसते. दोन रेषांमध्ये मिलिमीटरभर जागा असेल तर चढ साधारण 22 अंशांचा, आणि अर्धा मिलिमीटर असेल तर 39 च्या आसपास. इथवर हिशेब सरळ आहे. पण 20 मीटरच्या दोन रेषांच्या मध्ये जमीन कशी आहे, हे नकाशा सांगत नाही. एकसारखा उतार असेल किंवा पंधरा मीटरची ताठ भिंत असेल, रेषा तशाच दिसतील. मोठे कडे शीटवर दाखवलेले असतात, रेषा एकमेकींना चिकटतात, कड्याची वेगळी खूणही असते. पण सह्याद्रीत माणूस अडकतो तो बहुतेक वेळा अशा मधल्या उंचीच्या कातळावर. जमिनीची घडणच तशी आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले, कठीण थराचा कडा आणि मऊ थराचा पदर अशी पायरी-पायरी खाली येत गेलेली. प्रत्येक ओढा या पायऱ्यांवरूनच उतरतो. पावसाळ्यात ज्याला आपण धबधबा म्हणतो, तो जानेवारीत कोरडा कडाच असतो.

आमच्या ग्रुपमध्ये एक काका आहेत, आता अडुसष्ट वर्षांचे. ते ऐंशीच्या दशकापासून या भागात फिरतात. त्यांना शीट दाखवल्या तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या काळात किनाऱ्यापासून सुमारे 80 किलोमीटरच्या पट्ट्यातल्या टोपोशीट सर्वसामान्य माणसाला मिळत नसत. सुरक्षेच्या कारणाने त्यांच्यावर निर्बंध होता, आणि मुंबईकराचा जवळजवळ सगळा सह्याद्री त्या पट्ट्यात येतो. काकांची पिढी हाताने काढलेल्या चित्रांवर चालली. एक त्रिकोण म्हणजे डोंगर, एक वळणाची रेघ म्हणजे वाट, बाजूला 'विहीर', 'मोठा आंबा'. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लष्करासाठी वेगळी आणि लोकांसाठी वेगळी अशा दोन मालिका केल्या. 2017 मध्ये लोकांच्या मालिकेतल्या शीट इंटरनेटवरून फुकट उतरवून घ्यायची सोय झाली, आणि 15 फेब्रुवारी 2021 च्या नव्या सूचनांनी उरलेली बरीच बंधनं उठवली. नव्या मालिकेत क्रमांकाची पद्धतही बदलली आहे. जुनी 47 ई/12 आता ई 43 बी 12 या नावाने शोधावी लागते. हे माहीत नसेल तर शोधणारा तिथेच दमतो. मी पहिली संध्याकाळ त्यातच घालवली.

पीडीएफ मिळाली की काम झालं असं मला वाटलं होतं. छापायला फोर्टमध्ये गेले, जिथे आर्किटेक्ट लोक प्लॅन काढायला येतात तशा एका प्लॉटरवाल्याकडे. चार शीट, रंगीत, गुंडाळी करून रबर लावून दिली. घरी येऊन पट्टी लावली तेव्हा लक्षात आलं की काहीतरी चुकलंय. पंधरा मिनिटं अक्षांश म्हणजे जमिनीवर सुमारे 27.7 किलोमीटर, तर नकाशाची चौकट उभ्यात 55 सेंटिमीटरांहून थोडी जास्त भरायला हवी. माझी भरली 50.6. कागदात मावावं म्हणून यंत्राने चित्र आपोआप आकसलं होतं. म्हणजे माझ्या कागदावर किलोमीटर दोन सेंटिमीटरांचा राहिलाच नव्हता, 1.83 चा झाला होता. सहा किलोमीटरची वाट मोजली असती तर साडेपाच भरली असती, आणि शेवटचा अर्धा किलोमीटर अंधारात चालताना समजला असता. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर परत गेले आणि उभी राहून सांगितलं, "शंभर टक्क्यांवर काढा, बाजूचा मजकूर कापला गेला तरी चालेल." तेव्हापासून कोणताही छापलेला नकाशा हातात आला की मी आधी चौकट मोजते.

जोडतानाही एक गंमत कळली. पृथ्वी गोल असल्यामुळे या शीट अगदी काटकोनी नसतात. वरची कड खालच्या कडेपेक्षा जेमतेम मिलिमीटरभर आखूड असते. चारही कागद दाबून चिकटवायला गेलं की मध्ये बारीक फट राहते किंवा कागद फुगतो. सेलोटेप काढून मी तीनदा लावली. शेवटी काकांनी सुचवलं की कड जुळवू नकोस, कडेला तुटलेली ओळखीची वस्तू जुळव. मग एक ओढा, एक कच्चा रस्ता आणि 100 मीटरची एक जाड रेषा धरून कागद बसवले. लगतच्या दोन शीटचं सर्वेक्षण एकाच वर्षी झालेलं असतंच असं नाही, त्यामुळे वाटांवर भरवसा ठेवून जोडण्यात अर्थ नसतो. डोंगर आणि पाणी तेवढं जागच्या जागी असतं.

त्या चार कागदांसमोर मी पंधरा दिवस रोज तासभर बसत होते. तपकिरी रेषा डोंगराच्या, निळं पाणी, हिरवं जंगल, पिवळी शेती, लाल रंगात रस्ते आणि वाटा. ओढे काळ्या रेघेत दिसले तर ते बारमाही नाहीत, हे ट्रेकरने सगळ्यात आधी शिकावं. मार्चमध्ये काळ्या ओढ्याच्या भरवशावर पाण्याची बाटली रिकामी करू नये. लाल ठिपक्यांची पायवाट आणि लाल तुटक रेघांची ओझ्याच्या जनावरांची वाट यांतला फरक मला भिंगाशिवाय दिसत नव्हता. शिंप्याकडे असतं तसं दिव्याचं भिंग आणलं. नावं रोमन अक्षरांत असतात, त्यात ळ आणि ल एक, ण आणि न एक, ड आणि द एक. जो शब्द माहीत आहे तो आपण बरोबर वाचतो, जो माहीत नाही तो चुकीचा उच्चारून गावात विचारतो आणि गाव गोंधळतं.

उंचीच्या आकड्यांबद्दल वाचताना एक गोष्ट कळली आणि मला फार आनंद झाला. डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून मोजतात, पण समुद्र तर दिवसातून दोनदा वर-खाली होतो. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशभरातल्या नऊ बंदरांतल्या भरती-ओहोटीच्या दीर्घ नोंदींवरून सरासरी पातळी ठरवण्यात आली. त्या नऊंपैकी एक आपलं अपोलो बंदर. गेटवेच्या कठड्याला टेकून आपण जे पाणी बघतो, त्याच्या हिशेबात भीमाशंकरच्या रेषा काढलेल्या आहेत.

मग संगणकावरचा उद्योग सुरू झाला. 2000 च्या फेब्रुवारीत एंडेव्हर यानाने अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरून रडारने जमिनीची उंची मोजली. ती माहिती आता फुकट मिळते, आणि नकाशे काढायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअरही फुकट आहे. मला वाटलं, शीटवर 20 मीटरच्या रेषा आहेत तर आपण 10 मीटरच्या काढू, मग लपलेला कडा दिसेल. रेषा निघाल्या, सुंदर निघाल्या. त्या ओढ्यावर नेऊन पाहिल्या तर तिथे तसाच एकसारखा उतार. ती माहिती सुमारे 30 मीटरच्या चौकोनांत असते आणि प्रत्येक चौकोनाला एकच उंची. ताठ भिंत दोन चौकोनांच्या मध्ये सापडली की ती घसरगुंडी होऊन जाते. वर दाट झाडी असली तर रडारला जमीन न दिसता पानोळाच दिसतो. माझ्या बारीक रेषांनी नवं काहीच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी ते बाजूला ठेवलं आणि ठरवलं की आता मामांकडे जायचं.

पुढच्या डिसेंबर ते मार्चमध्ये आम्ही पाच वेळा गेलो. ठाण्याहून पहाटेची कर्जत लोकल, मग कशेळ्यावरून खांडस. वनखात्याचे नियम पाळून, दिवसा, अभयारण्याच्या रुळलेल्या वाटा धरून. हे 1985 पासूनचं अभयारण्य आहे, शेकरूचं घर. पावसाळ्यात मनाईचे आदेश निघतात तेव्हा आम्ही जात नाही. दर वेळी मामा बरोबर असत, आणि त्यांची दिवसाची मजुरी आम्ही आधी ठरवून देत होतो. ते आमच्यासाठी शेतावरचं काम सोडून येत होते.

मामांबरोबर चालताना माझा वेग निम्म्यावर आला. पहिल्याच दिवशी एका फाट्यावर मी उजवीकडची रुंद, मळलेली वाट धरली. ते जागेवरच थांबले. म्हणाले, "ती ढोरांची." मी विचारलं, कशावरून? त्यांनी मला दहा पावलं त्या वाटेवर नेलं. वाट चढतही नव्हती, उतरतही नव्हती, डोंगराच्या पोटाला धरून आडवी चालली होती. जनावरं उंची राखून चालतात, गवत किंवा पाणी आलं की त्यांची वाट तिथे फुटते आणि संपते. माणसाची वाट कुठेतरी जायची असते, म्हणून ती थोड्या वेळात धारेला लागते नाहीतर खिंडीकडे वळते. मग त्यांनी डावीकडच्या अरुंद वाटेवरची एक गेळ्याची फांदी दाखवली. कमरेच्या उंचीवर कोयत्याचा तिरका घाव होता, जुना, कडा काळ्या पडलेल्या. "ढोर कोयता नाय चालवत." नकाशावर दोन्ही वाटा एकाच लाल ठिपक्यांनी दाखवल्या गेल्या असत्या. माझ्या वहीत त्या दिवसापासून 'ढो' आणि 'मा' अशा दोन खुणा सुरू झाल्या.

वाट जिवंत का राहते आणि का मरते, हेही त्या चालण्यात समजत गेलं. गणेश घाटाची वाट महाशिवरात्रीला आणि श्रावणात कोकणातून चढणाऱ्या भाविकांच्या पावलांनी दरवर्षी नवी होते. काही वाटा हिरडा गोळा करायच्या दिवसांपुरत्या उघडतात, एरवी त्यांवर कारवी चढते. काही वाटा घाटावरच्या बाजाराशी बांधलेल्या होत्या. गाडीरस्ते झाले, जीप आल्या, माणसं त्या बाजूने जायला लागली आणि पन्नास वर्षांत वाट मोडली. अशी मोडलेली वाट जुन्या नकाशावरून मोबाइलच्या नकाशात उतरते आणि तिथे ती ताजी दिसते. त्या जानेवारीत आम्ही जिच्या मागे गेलो ती तसलीच असणार.

मोबाइलवर वाट नोंदवणंही वाटलं तितकं सोपं नाही. शिडी घाटाजवळच्या एका घळीत माझी नोंद बघितली तर मी कातळाच्या आत शंभर पावलं जाऊन परत बाहेर आले होते असं दिसत होतं. दोन्ही बाजूंना भिंती, वर झाडं, आकाशाची एवढीशी फट. उपग्रह पुरेसे दिसत नाहीत, आणि जे दिसतात त्यांचा संकेत कातळावर आपटून उशिरा पोचतो. मग पद्धत बदलली. धारेवर, खिंडीत, पठारावर, जिथे आकाश उघडं असेल तिथे पाच मिनिटं थांबून जागा नोंदवायची. घळीतली वाट पावलं मोजून आणि होकायंत्राने दिशा घेऊन काढायची. मुंबईच्या परिसरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नसतो, त्यामुळे ती दुरुस्ती करावी लागली नाही. प्रत्येक वाट तीनदा चाललो आणि तिन्ही नोंदींच्या मधली रेघ धरली.

तो ओढाही आम्ही परत पाहिला, या वेळी खालून. मामांनी पदरावरून बोट करून दाखवलं. खालून कडा इतका उघड दिसत होता की वरून तो कसा दिसला नाही याचंच नवल वाटलं. काकांनी तीस मीटरच्या दोराला गाठी मारून पुढच्या खेपेला वरून सोडला. सतरा मीटर भरला. दोन रेषांच्या मध्ये अख्खा बसणारा. नकाशावर तिथे मी लाल आडवी रेघ मारून '17 मी. कातळ, उतरू नये' असं लिहिलं. असे सात कातळ आमच्या नकाशात आहेत. समोच्च रेषांत त्यांतला एकही नव्हता.

काय लिहायचं नाही, यावर मात्र ग्रुपमध्ये वाद झाला. एक पाणवठा आहे, उन्हाळ्यातही न आटणारा. माझ्या मते ट्रेकरसाठी ती सगळ्यात मोलाची खूण होती. मामांनी विचारलं, "मग त्ये शेकरू न् बाकीचं कुठं जाईल पान्याला?" शनिवार-रविवारी तिथे दोनशे माणसं तंबू टाकून बसली तर रात्री कोणतंही जनावर पाण्याला उतरणार नाही, हे खरंच होतं. एक मित्र म्हणाला, एखादा तहानेने व्याकूळ झाला तर? मी म्हटलं, त्याच्यासाठी आपण पदरवाडीची घरं ठळक दाखवू, तिथे पाणी कोणी नाकारत नाही. पाणवठा आणि देवराईतून जाणारी एक वाट, दोन्ही काढून टाकल्या. मला अजूनही हा निर्णय बरोबर वाटतो.

मार्चच्या शेवटी नकाशा तयार झाला. 1:25,000 वर, एका कागदात, नावं देवनागरीत आणि मामांच्या तोंडी जशी आहेत तशी. पहिली प्रत घेऊन पदरवाडीला गेले. त्यांच्या पडवीत घोंगडीवर पसरला. मामा उकिडवे बसले, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून पाहिलं आणि कागद हातात घेऊन फिरवला. मला वाटलं, उलटा धरला. मी हात पुढे केला, "मामा, उत्तर वर असते." त्यांनी कागद तसाच ठेवला आणि मान वर करून समोर बघितलं. पडवीतून समोर पूर्वेला भीमाशंकरचा कडा उभा होता. त्यांनी नकाशात कडा वरच्या बाजूला आणला होता, खांडस खाली, स्वतःच्या पाठीमागे. मग बोट घराच्या ठिपक्यावर ठेवलं आणि न अडखळता ते वर नेत गेले. विहीर, फाटा, धार, ती फांदी, ती घळ. दोन ठिकाणी थांबले. एका जागी वाट कातळाच्या डावीकडून हवी होती, मी उजवीकडून दाखवली होती. दुसऱ्या ठिकाणी मी डोंगराची सोंड एकच धरली होती, तिथे दोन आहेत.

परत येताना लोकलमध्ये मी विचार करत होते की कोकणातून चढणारा प्रत्येक माणूस दिवसभर पूर्वेकडे तोंड करून चालतो. कडा त्याच्या समोर असतो. त्याच्या हातातल्या कागदावर मात्र तो कडा उजव्या बाजूला पडलेला असतो, आणि थकलेल्या डोक्याने दर वळणावर तो डाव्या-उजव्याचा हिशेब करत बसतो.

दुसरी आवृत्ती एप्रिलमध्ये काढली. त्यात पूर्व वर आहे, उत्तरेचा बाण मोठ्या अक्षरांत डावीकडे. एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून मामांच्या पडवीच्या कुडाला लावली आहे. ती दुसरी सोंड अजून चालून बघायची राहिली आहे. पाऊस सरला, वाटा वाळल्या की नोव्हेंबरात जाऊ.